सात नंबरला झोप लागत नाही

सोमवार

आजपासून ही वही. दिवसभराचं कुणाला तरी सांगावं लागतं आणि आमच्या घरात माझ्याशिवाय माणसं दोनच. नवरा साडेआठला झोपतो आणि मी दहाला सुटते, त्यामुळे तो मला जागा भेटतो तो फक्त सुट्टीच्या दिवशी. दुसरं माणूस म्हणजे सासूबाई. त्या जाग्या असतात, पण त्यांना काही सांगत बसावं असं आमचं नातं नाही. वही बरी. निदान तोंड वाकडं करत नाही.

तर आज मोठे साहेब परिषदेवरून परत आले. मोठे साहेब म्हणजे आमच्या रुग्णालयाचे अधीक्षक. परिषदेवरून ते कधी रिकाम्या हाताने येत नाहीत. मागच्या वेळी हात धुण्याचं महत्त्व घेऊन आले, तेव्हा महिनाभर साबण सोडून सगळं होतं: फलक, शपथ, प्रमाणपत्रं. या वेळी झोप आणली आहे. अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना नीट झोप मिळत नाही आणि झोप नसली की ते लवकर बरे होत नाहीत, असा शोध लागलाय म्हणे. मी त्याच विभागात गेली कित्येक वर्षं सिस्टर आहे. मला आपलं वाटायचं, ती माणसं हौसेने रात्रभर छताचा रंग तपासतात.

"सिस्टर, झोप हे औषध आहे," साहेब म्हणाले.

"हो सर. पण ते आपल्या स्टोअरला येत नाही."

साहेब हसले आणि त्याच हसऱ्या चेहऱ्याने मला 'शांत निद्रा' उपक्रमाची प्रमुख करून मोकळे झाले. तोंडाळ माणसाला समितीवर घेतलं की त्याचं तोंड आपोआप बंद होतं, ही युक्ती परिषदेत शिकवतात की साहेबांना उपजत आहे, देव जाणे.

घरी आले तेव्हा सासूबाई नेहमीप्रमाणे पुढच्या खोलीत खुर्चीवर होत्या. मी आत आले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, उठून दाराला कडी घातली आणि एक शब्द न बोलता झोपायला गेल्या. लग्न झाल्यापासून हे असंच चाललंय. तुरुंगातसुद्धा इतकी चोख हजेरी घेत नसतील.

गुरुवार

विभागात आज 'शांतता राखा' असे सहा फलक लावले. त्यासाठी भिंतीत ड्रिलने भोकं पाडावी लागली. दोन नंबरचे आजोबा परवापासून पहिल्यांदाच डोळा लागून पडले होते, ते दचकून उठले आणि भूकंप झाला का म्हणून विचारू लागले. मी म्हटलं, "नाही आजोबा, शांतता आली."

आवाज मोजणारं एक यंत्रही आलं आहे. आवाज वाढला की त्याचा लाल दिवा लागतो आणि ते स्वतःच ओरडायला लागतं. मी साहेबांना विचारलं, हे शांत निद्रेत कसं बसतं? साहेब म्हणाले, "आधी मोजमाप, मग सुधारणा." संध्याकाळपर्यंत विभागात सगळ्यात जास्त आवाज त्या यंत्राचाच होता. मावशींनी शेवटी त्याच्यावर जाड टॉवेल टाकला. आमच्या मावशी झाडलोट करतात आणि वेळप्रसंगी विज्ञानाला आवर घालतात.

उपहास पुरे, कारण काम खरोखरच करण्यासारखं आहे. आमच्याकडे माणूस झोपेल तरी कधी? दर थोड्या वेळाने दंडाचा पट्टा फुगतो. पहाटे रक्त काढायला येतात, त्यांची पाठ फिरते तोवर एक्स-रेवाला येतो. सकाळच्या पाळीला रुग्ण कसे चकचकीत दिसले पाहिजेत, म्हणून रात्रपाळीच्या सिस्टर पहाटेच्या अंधारात त्यांची अंगं पुसतात. बरा झालेला रुग्ण आमच्या उपचारांनी बरा होतो की आमच्या तावडीतून सुटायच्या जिद्दीने, मला नक्की सांगता येणार नाही.

म्हणून मी बसून नियम केले. रात्री आठला मोठे दिवे बंद. अंगं पुसायची ती उजाडल्यावर. ट्रॉलीच्या चाकांना तेल. आणि संध्याकाळी सातनंतर कुठल्याही नातेवाइकाला आत प्रवेश नाही, मग तो मंत्री का असेना. खाली माझी सही. दारावर कागद लावला आणि रखवालदाराला बजावून सांगितलं की कुणी कितीही रडलं तरी विरघळायचं नाही. त्यानेही मान डोलावली. भला माणूस, सांगितलेलं तंतोतंत करतो.

रविवार

सासूबाईंना आज माझ्याच विभागात आणलं.

आठवडाभर खोकत होत्या. मी दोनदा म्हटलं, तपासून घेऊ, तर म्हणाल्या, "तुझ्या दवाखान्यात माणूस खोकला घेऊन जातं आणि चार रोग घेऊन येतं." दुपारी ओठ निळसर दिसायला लागले, तेव्हा नवऱ्याने उचलूनच आणलं. आता सात नंबरच्या खाटेवर आहेत. तोंडा-नाकावर घट्ट मास्क बांधलाय आणि यंत्र त्यातून जोराने हवा ढकलतंय.

आमच्या डॉक्टरीणबाई कधी आडपडदा ठेवत नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "फुप्फुसं आधीच अधू आहेत, त्यात हा न्यूमोनिया. श्वासाचे स्नायू थकलेत, त्यांना विश्रांती हवी. मास्कशी न झगडता दोन-तीन रात्री शांत झोपल्या, तर यातून निघतील. नाही झोपल्या तर दमतील, आणि मग घशात नळी घालावी लागेल. या वयात, या फुप्फुसांत नळी गेली की ती बाहेर येईलच असं मी सांगू शकत नाही."

"मग झोपेचं औषध देऊ या ना."

"तुम्ही हे विचारताय? औषधाने श्वासच मंदावेल. त्यांना आपली आपण झोप लागायला हवी."

हा प्रश्न मी कसा विचारला कुणास ठाऊक. हेच मी इतर नातेवाइकांना रोज समजावून सांगते.

तर उपक्रमाच्या प्रमुखाला उपक्रमाची पहिली रुग्ण मिळाली, ती घरची. देव आहे की नाही माहीत नाही, पण असला तर तो समितीवर घेण्यासारखा आहे.

मंगळवार

नाही झोपल्या. कालही नाही, परवाही नाही.

सुनेने म्हणून काही कमी ठेवलेलं नाही. माझी पाळी दुपारी दोन ते दहा, पण दहानंतरही मी घरी जात नाही. युनिफॉर्म अंगावर तसाच ठेवून त्यांच्या खाटेशेजारी स्टुलावर बसते. अनोळखी जागेत डोळ्यांसमोर घरचं माणूस असलं की रुग्णाला धीर येतो, हे मीच गेल्या आठवड्यात सगळ्यांना शिकवलं. परवा बाराच्या पुढपर्यंत बसले, काल त्याहून उशिरापर्यंत. त्यांचे डोळे टक्क उघडे आणि माझ्यावर रोखलेले.

पाणी पाजायला म्हणून क्षणभर मास्क काढला, तर पहिलं वाक्य, "अजून सुटली नाहीस?"

जीव धोक्यात आहे, श्वास पुरत नाही, आणि त्या दोन घोट श्वासात बाईंना माझ्या पाळीचा हिशेब हवा! मी म्हटलं, "नाही, आई. मी इथेच आहे. तुम्ही झोपा." तर भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. ती आठी माझ्या ओळखीची आहे. इतकी वर्षं घरी दार उघडलं की तीच स्वागताला असते.

नवीन लग्न झालेलं तेव्हा मी या आठीला घाबरायचे. वाटेत बस चुकली, रुग्ण दगावला, काहीही झालं तरी घरी पोचल्यावर त्या खुर्चीवर बसलेल्या असायच्याच. एकदा मी नवऱ्याला म्हटलं, तुझ्या आईला सांग, मी कामावरूनच येते, दुसरीकडून नाही. तो म्हणाला, "ती कुठे काय म्हणते?" आणि कूस बदलून घोरायला लागला. काही म्हणत नाहीत, हीच तर त्यांची खासियत.

बुधवार

आवाजाचे गुन्हेगार पकडले. टेबलावरचा फोन, त्याची घंटी बंद केली. जेवणाच्या गाडीचं मागचं चाक, त्याला तेल पाजलं. रात्रीचा लहान डॉक्टर, जो भिंती हादरतील असा हसतो, त्याला सांगितलं की विनोद बाहेर जाऊन ऐकत जा. सात नंबरच्या भोवती जाड पडदा लावला. डोळ्यांवर बांधायच्या पट्ट्या आल्यात. सासूबाईंना बांधली, तर त्यांनी ती कपाळावर सरकवली आणि खालून माझ्याकडे बघत राहिल्या. कानात घालायचे बोळे दिले, ते मुठीत धरून बसल्या.

नऊ नंबरचे कंत्राटदार मात्र छान झोपले. पाच नंबरही. दोन नंबरचे आजोबा तर घोरायला लागले. उपक्रम यशस्वी होतोय, एक खाट सोडून.

शुक्रवार

आज भ्रम सुरू झाला. झोप नसली की आमच्याकडे असं होतं, मी शेकडो वेळा पाहिलंय. कुणाला छतावर मुंग्या दिसतात, कुणी सिस्टरना चोर ठरवतं. सासूबाईंनी दिवे मंदावल्यावर मास्क ओढायला सुरुवात केली आणि मावशींना सांगू लागल्या, "कडी लावू नका. दाराची कडी लावू नका."

मावशी म्हणाल्या, "आजी, इथे दाराला कडीच नाही. काचेचं दार आहे, आपोआप मिटतं."

"लावू नका. यायचंय अजून."

"कोण यायचंय?"

त्यांची नजर दारावर. मी पुढे झाले, हात धरला, म्हटलं, "आई, मी आहे ना, बघा." माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, युनिफॉर्मच्या खिशापाशी नजर थांबली, आणि परत दाराकडे. मला ओळखलंच नाही बहुतेक. हातसुद्धा सोडवून घेतला. मी इतरांच्या नातेवाइकांना सांगते, मनावर घेऊ नका, ते आजारामुळे असतं. बोलायला सोपं आहे.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा अहवाल दाखवला. आकडे चुकीच्या बाजूला चाललेत. "सोमवार सकाळपर्यंत बघते," म्हणाल्या.

उशिरा घरी आले. कुलूप किल्लीने उघडलं. पुढच्या खोलीत अंधार होता. खुर्चीवर कुणी नव्हतं, घड्याळाकडे कुणी पाहिलं नाही. एवढी वर्षं हेच तर हवं होतं मला. दिवा लावून उगाच थोडा वेळ उभी राहिले, मग झोपायला गेले. झोप आली नाही. चहा जास्त झाला असावा.

शनिवार

झोपल्या!

आज माझी साप्ताहिक सुट्टी. यायचं नव्हतं, नवऱ्यानेच सांगितलं होतं, आज तू आराम कर. पण घरात काय आराम करायचा? संध्याकाळी साडेसहाला त्याच्याबरोबर आले, घरच्या कपड्यांत, हातात पिशवी, अगदी नातेवाइकासारखी. खाटेशी गेले. सासूबाईंनी डोळे उघडले, मला पाहिलं, पिशवी पाहिली, घड्याळ पाहिलं. मास्कच्या आतून काहीतरी म्हणाल्या. मला ते "आलीस?" असं वाटलं. मी म्हटलं, "आले." आणि बाईंनी डोळे मिटले.

मला वाटलं, मिटलेत नुसते. पण मॉनिटरवर श्वासाचा वेग हळूहळू खाली आला, खांदे सैल झाले, मास्कशी झगडणं थांबलं. सातला रखवालदाराने मला बाहेर काढलं, नियमच आहे. रात्री अकरालाही झोपलेल्याच आहेत, असं मावशींनी फोनवर कळवलं.

साहेबांनी कालच विभागात बासरीचं संगीत लावायला सुरुवात केली होती. त्यांना फोन केला तर म्हणाले, "बघा सिस्टर! बासरी!" असेलही. मी कोण नाही म्हणणार? उद्या आवाज थोडा वाढवायला सांगते.

रविवार

बासरीचा उपयोग शून्य.

दोनला ड्युटीवर गेले, तेव्हा सासूबाई बऱ्या होत्या, सकाळच्या रिपोर्टमध्येही थोडा फरक होता. संध्याकाळ झाली तशा माझ्यामागे नजर फिरवायला लागल्या. मी इकडे गेले की डोळे इकडे, तिकडे गेले की तिकडे. आठला दिवे मंद केले, बासरी वाजत होती, पट्टी, पडदा, सगळं होतं. साडेआठला मास्क ओढायला लागल्या. श्वास पुन्हा वाढला. डॉक्टरीणबाई येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, "आजची रात्र अशी गेली तर सकाळी नळी घालू. नवऱ्याला सांगून ठेवा."

मी औषधांच्या खोलीत गेले आणि त्याला फोन केला. सांगताना रडू आलं. सांगून टाकते, रडले मी. म्हटलं, "काल काय झालं होतं रे? कालच्यासारखंच सगळं केलंय आज. संगीत, पडदा, सगळं. का झोपत नाहीत त्या?"

झोपेतून उठलेल्या आवाजात तो म्हणाला, "काल तू घरी आली होतीस ना."

"घरी कुठे? मी तर इथेच आले होते."

"अगं, म्हणजे सुटलेली होतीस. आईला तू आल्याशिवाय झोप कुठे लागते? तुझी रात्रपाळी असली की ती सकाळी झोपते, माहीत नाही तुला?"

"मला कुणी सांगितलं कधी?"

"त्यात सांगायचं काय?" तो म्हणाला.

या घराण्यात सांगायचं काहीच नसतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं ऐकलं होतं. माझ्या बाबतीत तो कळसा युनिफॉर्म घालून स्टुलावर बसला होता. सगळ्या विभागाला तेल घातलं, हसणारे डॉक्टर गप्प केले, यंत्रावर टॉवेल टाकू दिला, आणि त्या बाईला आठवडाभर जागं ठेवणारी मीच होते. युनिफॉर्ममध्ये समोर बसून त्यांना रोज सांगत होते की मी अजून सुटलेली नाही, मी अजून घरी आलेली नाही.

दुसऱ्या सिस्टरना "वीस मिनिटं माझ्या खाटा बघा" म्हटलं आणि कपडे बदलायला पळाले. आमची कपडे बदलायची खोली विभागाच्या बाहेर, जिन्यापाशी आहे. घरचे कपडे घातले, केस सोडून पुन्हा बांधले, पिशवी घेतली आणि दाराशी आले. रखवालदाराने हात आडवा केला.

"सातनंतर नातेवाइकांना प्रवेश नाही."

"अहो, मी आहे."

"ओळखलं ना, सिस्टर. पण तुम्ही आत्ता ड्युटीवर आहात की नातेवाईक आहात?"

"नातेवाईक."

"मग सातनंतर नाही." त्याने बोटाने कागद दाखवला. "सही तुमचीच आहे. कितीही रडलं तरी विरघळायचं नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात."

मी खरोखरच रडत होते आणि तो खरोखरच विरघळत नव्हता. इतका आज्ञाधारक माणूस मी या रुग्णालयात दुसरा पाहिलेला नाही, आणि तो नेमका मीच घडवला.

"ड्युटीवर असाल तर युनिफॉर्म घालून या, लगेच सोडतो," तो म्हणाला. त्याच्या परीने वाट दाखवत होता बिचारा.

मग काय करणार? परत गेले, घरच्या कपड्यांवर युनिफॉर्मचा लांब कोट चढवला, त्याच्यासमोरून ताठ मानेने आत शिरले. त्याने सलामही केला. आत हात धुवायच्या बेसिनपाशी कोट काढून खुंटीला टांगला आणि पिशवी हातात घेऊन सात नंबरचा पडदा सारला.

"आई, सुटले मी."

त्यांनी पाहिलं. घड्याळ पाहिलं. नऊ वाजून गेले होते. मास्कच्या आतून आवाज आला, तो मी कान लावून ऐकला.

"जेवलीस?"

"जेवले," मी म्हटलं. खोटं होतं. "तुम्ही झोपा आता."

आणि डोळे मिटले त्यांनी. मी पडद्याआड उभी राहून मॉनिटरकडे बघत राहिले. आकडा हळूहळू उतरत गेला. आयुष्यभर मी असे आकडे बघितलेत, कागदावर उतरवलेत. कधी हात जोडले नव्हते. आज जोडले.

मग कोट घातला आणि माझ्या बाकीच्या खाटांकडे गेले.

सोमवार

रात्रभर झोपल्या. रक्ताचा अहवाल सुधारला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नळी नको. हेच चालू ठेवा. काय केलंत?"

मी म्हटलं, "बासरी."

खरं सांगायला गेले असते तर साहेबांनी सगळ्या सुनांना घरचे कपडे वाटायची योजना काढली असती.

गुरुवार

आता रोजचा क्रम असा: सव्वाआठला मी कामावरून "सुटते", पिशवी घेऊन सात नंबरला "घरी येते", दोन शब्द बोलते. साडेआठला पुन्हा कोट चढवून कामावर जाते आणि दहाला खरी सुटते. त्या मधल्या वेळात सात नंबरच्या बाजूला दुसऱ्या सिस्टर असतात, मी पडद्यापलीकडून चवड्यांवर चालते, खोकला आला तरी गिळते. एवढं चोरून तर मी लग्नाआधी याच नवऱ्याला भेटायला जातानाही वागले नव्हते.

रखवालदाराचं समाधान आहे, कारण मी प्रत्येक वेळी युनिफॉर्ममध्ये जाते. मावशींनी एकदा विचारलं, "सिस्टर, हे दिवसातून दोनदा कपडे काय बदलता?" मी म्हटलं, "उपक्रम आहे." त्यांनी मान डोलावली. या रुग्णालयात उपक्रम म्हटलं की कुणी पुढचं विचारत नाही.

कोट काढायची-घालायची आता सवय झाली. सासूबाईंचा मास्क दिवसा काढायला लागलेत. काल पातळ पेज नको म्हणून तोंड फिरवलं, तेव्हा डॉक्टरीणबाई खूश झाल्या. माणूस नावं ठेवायला लागलं की बरं होतंय, असं त्यांचं शास्त्र आहे. तसं असेल तर आमच्या सासूबाई पंचवीस वर्षं ठणठणीत होत्या.

एक गोष्ट मात्र टोचते. मी रोज त्यांना फसवते आहे. ज्या माणसाने इतकी वर्षं माझी वाट पाहिली, त्याला खोटं सांगून झोपवायचं. पण खरं सांगून नळी घालू का?

मंगळवार

सासूबाईंना साध्या वॉर्डात हलवलं. मास्क गेला, नाकात फक्त बारीक नळी. आवाज परत आलाय. येताच त्यांनी वॉर्डातल्या चादरी, खिडकी आणि शेजारच्या खाटेवरची बाई, तिघांना नापास केलं.

दुपारी ड्युटीवर जाण्याआधी गेले. खिडकीशी उशीला टेकून बसल्या होत्या. आज विचारायचंच, असं ठरवून गेले होते. शब्द जुळवले होते, चांगले होते, आता एकही आठवत नाही.

"आई, तुम्ही इतकी वर्षं माझ्यासाठी जाग्या राहत होतात?"

"तुझ्यासाठी कशाला? कडी कोण लावणार? तुझा नवरा? तो घर उचलून नेलं तरी उठायचा नाही."

"मग मला एकदा तरी सांगायचं. मला वाटायचं, तुम्ही हजेरी घेता."

"घेत होतेच. आलीस की नाही, ते बघायला नको?" मग थोडा वेळ दम खाल्ला. "पोरीबाळी रात्रीच्या एकट्या येतात. जोवर दिसत नाही तोवर जिवाला घोर. त्याच्यात सांगायचं काय?"

तेच वाक्य. मायलेकांचा छापाच एक.

मला वाटलं, आता कबूल करून टाकावं. म्हटलं, "तिथे वर मी तुम्हाला फसवत होते. सुटले नसताना सुटले म्हणायचे."

त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"पडद्याखालून बूट दिसायचे तुझे. घरचे कपडे घालून आलीस आणि पायात ते दवाखान्याचे पांढरे बूट. पहिल्याच दिवशी. नंतर रोज. चवड्यांवर चालत होतीस. एवढी सिस्टर झालीस, पण बूट बदलायचं सुचलं नाही."

मी खाली पाहिलं. आताही पायात तेच होते.

"मग," मी विचारलं, "मी सुटलेली नाही हे माहीत असून झोपायच्या कशा?"

"पहिल्या रात्री नुसते डोळे मिटले. म्हटलं, पोरगी एवढा खटाटोप करतेय, डोळे मिटले नाहीत तर रडेल परत. रडून आली होतीस ना? डोळे सुजलेले होते. मिटून पडले, मग लागली."

मी त्यांचा हात धरला. या वेळी सोडवून घेतला नाही. बराच वेळ तसा राहू दिला, मग म्हणाल्या, "आज कधी सुटशील?"

"सव्वाआठला," मी सवयीने म्हटलं.

"खरं सांग."

"दहाला."

"मग दहाला ये. मी जागी आहे."